मुदतमास्तरांचे बाराशे नव्वद दिवस

सदर इसमाचे वय सत्तावन्न, उंची मध्यम, बांधा सडपातळ. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यावर न निघणारी जांभळी शाई. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात तारखेचे शिक्के जुळवण्याच्या कामी सव्वीस वर्षे नेमणुकीस. वर्तणूक चांगली. कामातील चुका: एक. धर्म ख्रिस्ती, उपासनेस हजेरी नियमित, बुधवारच्या शास्त्राभ्यास वर्गात आसन खिडकीकडून दुसरे. विवाहित कन्या एक, वास्तव्य दूर. अवलंबून असलेल्या व्यक्ती: एक, पत्नी, मात्र कोण कोणावर अवलंबून आहे याची खातरजमा करण्यात आलेली नाही. जगाच्या अंताबाबतचे मत: निश्चित, तारखेसह. सदर इसम गेल्या ऑक्टोबरपासून पत्नीशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघतो, कारण गळ्याकडे बघण्याची त्याला भीती वाटते.

गळ्यात गाठ होती. ती त्यांच्या पत्नीला, मास्तरीणबाईंना, स्वतःलाच सापडली. त्या शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचा दिवस मुलांच्या गळ्यांची आणि खांद्यांची मापं घेण्यात जातो. ऑक्टोबरात एकदा नव्या फितीवरचे आकडे बरोबर आहेत का हे बघायला त्यांनी ती स्वतःच्याच गळ्याभोवती गुंडाळली, तर माप अर्ध्या इंचाने जास्त. फीत खराब असेल म्हणून त्यांनी जुनी फीत लावून बघितली. तीही खराब निघाली.

डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासणी केली. अहवालात 'संशयास्पद' असा शब्द आला.

"म्हणजे काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मार्च संपायच्या आत काढू. त्यापुढे थांबलात तर मी कशाचीच खात्री देणार नाही."

मोठे सर्जन फक्त गुरुवारी येत. त्यांच्याकडे इतकी रांग होती की गुरुवार मिळाला तो सव्वीस मार्चचा. एक अर्ज मिळाला. त्यावर दोन सह्या हव्या होत्या, एक पेशंटची आणि एक जवळच्या नातेवाईकाची. अर्ज दहा मार्चपर्यंत परत आला नाही तर तो गुरुवार दुसऱ्या कोणाला तरी जाणार होता. मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे सही केली आणि पेन नवऱ्यापुढे धरलं. मास्तर म्हणाले, घरी जाऊन शांतपणे करतो. घरी येऊन त्यांनी शांतपणे शास्त्र उघडलं.

गाठ ऑक्टोबरात सापडली. जगाच्या अंताचा हिशेब मास्तरांनी नोव्हेंबरात सुरू केला. या दोन गोष्टींचा संबंध प्रार्थनागृहाच्या मंडळीत कोणी जोडला नाही. मास्तरांनी तर नाहीच नाही.

त्यांचा धंदाच मुळी शेवट ठरवण्याचा. गोळ्यांची पट्टी, मलमाची नळी, खोकल्याची बाटली, यांतली एकही वस्तू त्यांनी कधी बनवली नव्हती. ती कधी मरणार एवढंच ते सांगत. पॅकिंगच्या हॉलमध्ये कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं, त्यावर लाकडी खणांचा पेटारा, खणांत पोलादी आकडे. रोज सकाळी आठ वाजता ते चिमट्याने आकडे उचलून चौकटीत बसवत, चौकट यंत्रात सरकवत, एक चिठ्ठी छापून डोळ्यांजवळ नेत आणि मान हलवत. मग पट्टा सुरू होई आणि संध्याकाळपर्यंत अठरा हजार बाटल्यांना आपापला मृत्यू कळे. म्हणून ते मुदतमास्तर. हे नाव पॅकिंगच्या बायकांनी ठेवलं, मंडळीत पोचलं, आणि घरी त्याचं मास्तरीणबाई झालं.

अशा माणसाच्या हाती जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याच्या ग्रंथाचं शेवटचं पान लागलं. तिथे लिहिलंय की नित्याचं अर्पण बंद पडेल, विध्वंस आणणारी अमंगळ वस्तू उभी केली जाईल, आणि तिथून पुढे बाराशे नव्वद दिवस. जो धीराने तेराशे पस्तीसाव्या दिवसापर्यंत पोचेल तो धन्य. मोठमोठ्या पंडितांनी या आकड्यांवर आयुष्यं घालवली आहेत. राजे मोजले, साम्राज्यं मोजली, दिवसांची वर्षं करून बघितली. मास्तरांनी यांतलं काही केलं नाही. त्यांना दिवस म्हणजे दिवस आणि अर्पण म्हणजे रोजची प्रार्थना. आणि प्रार्थना कधी बंद पडली हे तर त्यांच्याच प्रार्थनागृहाच्या फलकावर टाचलेलं होतं: 'उपस्थितीअभावी रोजची सकाळी साडेसहाची प्रार्थना १ सप्टेंबरपासून बंद करण्यात येत आहे. मंडळीने नोंद घ्यावी.' मंडळीने नोंद घेतली नव्हती. तीन माणसं येत, त्यांतलं एक झोपायला येई. त्याच आठवड्यात प्रार्थनागृह सकाळी सातपासून वजन उतरवण्याच्या वर्गाला दिलं गेलं आणि वर्गाच्या बाईंनी वेदीशेजारच्या भिंतीवर अख्खा आरसा बसवून घेतला. अमंगळ वस्तू शोधायला मास्तरांना फार लांब जावं लागलं नाही.

याला साडेतीन वर्षं होत आली होती. मास्तरांनी लीप वर्षाचा जादा दिवस धरून, एकदा पुढून आणि एकदा मागून, मोजलं. दोन्हीकडून उत्तर एकच आलं. चौदा मार्च.

बुधवारच्या वर्गात त्यांनी हे मांडलं तेव्हा खुर्च्यांचा आवाज थांबला. वर्ग घेणारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वयाने मास्तरांच्या जावयाएवढे; शेवटच्या काळाचा विषय निघाला की घसा खाकरून पुढच्या अध्यायावर जाणारे. या वेळी पुढे अध्याय शिल्लक नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असं प्रभूच म्हणाला आहे."

"दिवस आणि घटका," मास्तर म्हणाले. "महिन्याबद्दल काही म्हटलेलं नाही. आम्हीसुद्धा बाटलीवर दिवस घालत नाही, पाळकसाहेब. महिना आणि वर्ष. दिवस मी आपला माझ्यापुरता काढलाय."

"पण हे वचन सगळ्या जगासाठी आहे. आपल्या सूचनाफलकासाठी नाही."

"सूचना सगळ्या जगासाठी असली तरी कुठल्यातरी एका फलकावर लावावीच लागते."

एका निवृत्त टपालमास्तरांनी विचारलं, की बाराशे नव्वद ते तेराशे पस्तीस, हे मधले पंचेचाळीस दिवस कशासाठी? मास्तरांकडे उत्तर तयार होतं. मुदत संपली की बाजारातला माल परत मागवायला साधारण तेवढे दिवस लागतातच. टपालमास्तरांना हे लगेच पटलं. टपालातही तसंच होतं, ते म्हणाले.

लोक हसले, घरी गेले. मास्तर हसले नाहीत. माणसाला शेवट कळल्यावर बरं वाटत असेल असा एक समज आहे. मास्तरांना बरं वाटत नव्हतं. बसचं तिकीट खिशात चुरगाळून त्याच्या गोळ्या होत. मास्तरीणबाई पाणी प्यायल्या की ती गाठ वर जाऊन खाली येई, आणि ती खाली येईपर्यंत मास्तर कॅलेंडरकडे बघत.

जानेवारीत ती एकुलती एक चूक झाली. खोकल्याच्या औषधाची नवी बॅच होती; मुदत दोन वर्षांनंतरच्या जानेवारीची घालायची होती. मास्तरांनी चिमट्याने आकडे उचलले, बसवले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मान हलवली. चाळीस खोकी भरून झाल्यावर पट्ट्यावरच्या मुकादमबाईंनी एक बाटली उजेडात धरली.

"मास्तर, अहो, हे औषध दुकानात पोचायच्या आधीच म्हातारं होतंय!"

बाटलीवर याच वर्षाचा मार्च होता.

"मास्तरांना घाई झालीय," पट्ट्याच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"कुठे जायचंय हो? आम्हालाही घेऊन चला!"

हॉलभर हसणं झालं. चाळीस खोकी नष्ट करण्यात आली. साहेबांनी खुलाशाचा कागद दिला. त्यावर कारण लिहायला दोन बोटं जागा होती. खरं कारण त्यात मावणारं नव्हतं, म्हणून मास्तरांनी 'अनवधान' असं लिहिलं. त्या दिवसापासून पुढच्या वर्षांचे आकडे उचलण्याआधी ते चिमटा एकदा खाली ठेवू लागले. रोज अठरा हजार वेळा आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटे. आणि त्याहून वाईट म्हणजे, कधीकधी एखादी बाटली हातात घेऊन ते मनातल्या मनात म्हणत, खरी निघ बाई.

घरी अर्ज शिलाई मशीनच्या खणात होता. मास्तरीणबाई रोज खण उघडून दोऱ्याचं रीळ काढत आणि अर्जाचा कोपरा मुद्दाम बाहेर राहील असा खण बंद करत. फेब्रुवारीत त्यांनी खणच उघडा ठेवायला सुरुवात केली.

"सही कधी करताय?"

"करतो."

"करणार का असं नाही विचारलं. कधी विचारलं."

"अगं, सव्वीस तारीख चौदा तारखेनंतर येते."

"दरवर्षी येते."

मास्तर कपाळाशी बोलत होते. "तुला त्रास होईल. गळा कापायचा, नळ्या घालायच्या, आणि त्याआधीच जर... मग आधीचे दिवस भीतीत कशाला काढायचे? राहू दे ना. शांतपणे राहू."

"शांतपणे कोण राहतंय? तुम्ही? काल आमटीऐवजी चहात मीठ घातलंत." मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवला. "एक सांगा. तुमच्या बाटलीवर मार्च लिहिलं की औषध कुठवर चालतं?"

"महिनाअखेर. एकतीसपर्यंत."

"मग सव्वीस बसतेय की. करा सही."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कोणी त्यांचाच नियम असा उलटवला नव्हता. मास्तरीणबाईंनी मशीन थांबवलं.

"तुमची तारीख चुकली तर चाळीस खोकी फेकून देता. माझ्या बाबतीत चुकली तर काय फेकणार?"

मुलीला बोलावून तिची सही घेता आली असती. मुलगी फोनवर तेच म्हणत होती. मास्तरीणबाईंनी साफ सांगितलं, की जग बुडेपर्यंत तरी नवरा हाच आहे, तेव्हा सही त्याचीच हवी.

मार्च उजाडला. सोमवारी, दोन तारखेला, पॅकिंग हॉलमध्ये एक बॅच उशिरा आली. टाकीत कालवलेलं औषध बाटल्या नव्हत्या म्हणून तीन आठवडे पडून होतं. पट्ट्यावरच्या एका नव्या बाईने विचारलं, "मास्तर, मग मुदत आजपासून धरायची ना?"

"आजपासून कशी?" मास्तर सवयीने बोलून गेले. "छापल्या दिवसापासून कधी मोजतात का? औषध ज्या दिवशी कालवलं तिथून मोजायचं. छापील कागदाचा काही संबंध नाही."

आणि चिमटा त्यांच्या हातातच राहिला.

आपण कुठून मोजलं? फलकावरच्या सूचनेपासून. छापील कागदापासून! नव्या बाईने केली असती तर तिला पट्ट्यावरून उठवलं असतं अशी चूक. प्रार्थना बंद करणार असं एक सप्टेंबरला लिहिलं. पण ती खरोखर कधी थांबली? त्या पावसाळ्यात आधीचे पाळक दोन आठवडे आजारी होते. तेव्हाच थांबली असेल तर बाराशे नव्वदावा दिवस चौदा मार्च नाही. तो आधीच येऊन गेला, किंवा उद्या आहे, किंवा आज दुपारी. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी डबा उघडला नाही. भिंतीला पाठ लावून ते दाराकडे बघत बसले, जसं कोणी बोलावणं घेऊन येणार आहे.

संध्याकाळी त्यांनी पाळकांना गाठलं. पाळक त्या काळात इथे नव्हतेच. "शेवटची प्रार्थना नक्की कोणत्या दिवशी झाली हे फक्त चावीवाल्या मावशीच सांगतील," ते म्हणाले. "त्या तेव्हापासून आहेत. त्याच्याही आधीपासून."

मंगळवारी, तीन तारखेला, कामावर जाण्याआधी मास्तर साडेसहाला प्रार्थनागृहापाशी पोचले. मावशी सातच्या वर्गासाठी झाडायला येतात हे त्यांना ठाऊक होतं. दार उघडं होतं. आत एकच ट्यूब पेटलेली. भिंतीशी व्यायामाच्या चटया गुंडाळून ठेवलेल्या. चौथ्या बाकाला झाडू टेकवलेला आणि त्याच बाकावर मावशी डोळे मिटून बसलेल्या, मोठ्याने म्हणत. पाळकाने म्हणायचं वाक्य त्या मोकळ्या आवाजात म्हणत आणि मंडळीने द्यायचं उत्तर आवाज उतरवून देत, कारण मंडळी लहान होती. शेवटी त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. नावं बरीच होती. सहाव्या नंबरावर मास्तरीणबाई होत्या.

"आमेन," मावशी म्हणाल्या आणि डोळे उघडून आरशात मास्तरांना बघितलं. "कोण, मास्तर? दार ओढून घ्या, कुत्रं येतं."

"मावशी, हे काय?"

"हे काय म्हणजे? साडेसहाची."

"ती बंद झाली ना. साडेतीन वर्षं झाली."

"कोणी सांगितलं?"

"फलकावर सूचना आहे!"

"फलक मी रोज पुसते. वाचायला कोणी सांगितलं नाही."

"पण आधीचे पाळक काही बोलले असतील?"

"बोलले ना. म्हणाले, मावशी, आता सकाळी कोणी येणार नाही. मी म्हटलं, बरं. आधी तरी कोण येत होतं! एक ते झोपणारे होते, ते वारले बिचारे."

मास्तरांनी बाकाची कड धरली. "आणि मधे एखादा दिवस? एकही चुकला नाही?"

"चुकवून जाऊ कुठे? सातला त्या पोरी उड्या मारायला येतात, त्याआधी झाडायला यावंच लागतं. आलेच आहे तर म्हणते." त्यांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. "तुम्ही कशाला आलात एवढ्या सकाळी?"

मास्तर खाली बसले. बाराशे नव्वद दिवसांपैकी पहिला दिवसच अजून उजाडला नव्हता. सूचना होती, फलक होता, आरसा होता. बंद पडलेलं अर्पण तेवढं नव्हतं. एका बाईने ते झाडूबरोबर चालू ठेवलं होतं आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी मशीनच्या खणातून अर्ज ओढला आणि सही केली. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "जग पुढे ढकललं का?"

"मोजणीच सुरू झालेली नव्हती."

"मग पाच महिने माझ्या कपाळाशी का बोलताय?"

मास्तर अर्ज लिफाफ्यात घालत राहिले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती; पण काळजीचं माणूस रिकामं बसत नाही. सही केल्यावर तिसऱ्याच दिवशी मास्तरांच्या ध्यानात आलं, की याचा अर्थ जग आता एका शहात्तर वर्षांच्या बाईवर टेकलेलं आहे, आणि तिला खोकला आहे. ते रोज साडेसहाला प्रार्थनागृहात जाऊ लागले. वरवर उत्तरं द्यायला. खरं म्हणजे मावशी आल्यात की नाही हे बघायला. वळणावरून ट्यूबचा उजेड दिसेपर्यंत ते जवळजवळ पळत. त्यांनी मावशींना खोकल्याचं औषध आणून दिलं, मफलर दिला, थंड पाण्याने लादी पुसू नका म्हणून बजावलं.

"ही बाटली किती दिवस चालेल?" मावशींनी विचारलं.

"दोन वर्षं. परवाच मुदत घातलीय." आपण खोटं बोलतोय असं या वेळी वाटलं नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

चौदा मार्चला शनिवार होता. वजन उतरवण्याच्या वर्गात सगळ्यांची वजनं झाली आणि एका बाईंना टाळ्या मिळाल्या. दुसरं काही घडलं नाही. बुधवारच्या वर्गात कोणी टोमणा मारण्याआधीच मास्तरांनी सांगून टाकलं, की ती बॅच त्यांनी रद्द केली आहे.

मग पंचवीस तारीख आली. सकाळी मावशी तापातच आल्या, बसूनच झाडलं, आणि मधेच दोन ओळी विसरल्या. निघताना त्यांनी कमरेची चावी सोडून मास्तरांच्या हातात ठेवली.

"उद्या माझ्याने होणार नाही. तुम्ही उघडा. झाडलं नाही तरी चालेल, पण तेवढं म्हणा."

"मावशी, उद्या हिचं ऑपरेशन आहे."

"मग हिच्यासाठी पण म्हणा."

पाळक सभेसाठी परगावी गेले होते. मंडळीत दुसऱ्या कोणाला मास्तर काय सांगणार होते? की उद्या सकाळी साडेसहाला कुलूप उघडलं नाही तर उलटी मोजणी सुरू होईल? टपालमास्तरांना त्यांनी फोन केला. टपालमास्तर म्हणाले, मी साडेनवाच्या आत उठत नाही, नोकरीतही उठत नव्हतो.

सव्वीस तारखेला पहाटे ते दोघं वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवर बसले होते. दाखल आदल्या दिवशीच केलं होतं. नर्सने सांगितलं, साडेसहाला आत नेणार. भिंतीवर घड्याळ होतं, पावणेसहा झाले होते. दवाखान्यापासून प्रार्थनागृह चालत पंचवीस मिनिटं. सहाला निघालं तर साडेसहाची होते. परत यायला सव्वासात. हा हिशेब मास्तरांनी कालपासून किती वेळा केला असेल ते सांगता येत नाही. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

"खिशात काय आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग हात बाहेर काढा."

मास्तरांनी हात बाहेर काढला. हाताबरोबर चावी आली. मास्तरीणबाईंना मावशींचा ताप ठाऊक होता, साडेसहाची ठाऊक होती. नवऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते तर सगळ्यात आधी ठाऊक होतं. त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "जा तुम्ही. माझ्यापायी जग बुडालं असं नको व्हायला. लोक नावं ठेवतील."

"कोण ठेवेल? बुडाल्यावर?"

त्या हसल्या, आणि हसू मधेच तुटलं. त्यांनी चष्मा काढून मास्तरांच्या हातात दिला. मग केसांतल्या पिना, एकेक. "आवाज जाऊ शकतो म्हणालेत. थोडे दिवस, किंवा..." शेवटची पिन निघाली. "तेव्हा मी जे सांगते ते आत्ता ऐकून घ्या. गॅसचा नळ खालून बंद केलाय का?"

"केला."

"दूधवाल्याला सांगितलं?"

"सांगितलं."

"आणि सातवीच्या मुलांचे चार सदरे मशीनवर आहेत, त्यांना बटणं राहिलीत. मुलगी आली की तिला सांगा. काजं झालीत."

"सांगतो."

सहा वाजले. मास्तर उठले. बाकाला लावावा तसा त्यांनी खाटेच्या लोखंडी कडेला हात लावला, चावी मुठीत घट्ट धरली आणि दाराकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी पाण्यासाठी हात पुढे केला, मग पाणी प्यायचं नाही हे आठवून परत घेतला, आणि नुसताच आवंढा गिळला. गाठ वर गेली, खाली आली. मास्तरांनी ती पाच महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितली. ती त्यांना वाटत होती त्याहून लहान होती. ते परत बसले.

"बसलात का?"

"निघायला उशीर झाला," मास्तर म्हणाले. सहा वाजून एक मिनिट झालं होतं.

दोन माणसं गाडी घेऊन आली तेव्हा मास्तर गाडीच्या बाजूने चालत गेले. लिफ्टपर्यंत, मग लिफ्टमध्ये, मग ज्या दारापुढे नातेवाईकांना जाऊ देत नाहीत तिथपर्यंत. चष्मा, सात पिना आणि एक चावी असं सगळं एकाच हातात होतं, कारण दुसरा हात मोकळा नव्हता. दार बंद झाल्यावर त्यांना एका बाईंनी खुर्ची दिली. कितीतरी वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की साडेसहा वाजले तेव्हा आपण घड्याळ बघायचं विसरलो.

सात वाजल्यापासून प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर अकरा बायका अर्धा तास बसल्या आणि वजनं जशीच्या तशी घेऊन घरी गेल्या.

पावणेदहाला मास्तरीणबाईंना बाहेर आणलं. गळ्याभोवती पट्टी होती. सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, पुढचं दहा दिवसांनी कळेल. दुपारी मास्तरीणबाईंनी डोळे उघडले आणि ओठ हलवले. मास्तर कान जवळ नेऊन वाकले. आवाज होता. फाटलेला, पण होता.

"उघडलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

"मग काय. पडून राहा."

दहा दिवसांनी अहवाल आला. त्यात 'संशयास्पद' हा शब्द नव्हता. सव्वीस मार्चपासून पुढे बाराशे नव्वद दिवस मोजले तर कोणती तारीख येते, हे मास्तरांनी काढलं आहे की नाही ते कोणाला सांगितलेलं नाही. प्रार्थनागृहाच्या वार्षिक अहवालात रोजची सकाळची प्रार्थना गेल्या साडेतीन वर्षांपासून बंद असल्याचं नमूद आहे. त्या गुरुवारी प्रार्थनागृह उघडलं नाही. शुक्रवारी साडेसहाला उघडलं.